हीट पंप रात्री भिंतीतून घुमतोय, काय असेल?

निवांत:
घर गरम ठेवणाऱ्या हीट पंपला तीन वर्षं झाली, कधी त्रास नव्हता पण थंडी वाढल्यापासून रात्री बेडरूमच्या भिंतीतून घूंऽऽ असा आवाज येतो. बाहेर युनिटजवळ उभं राहिलं तर एवढा वाटत नाही, आत उशीवर डोकं टेकलं की कानात घुमत राहतो. मधेच फुस्स होऊन पंखा थांबतो, वाफ निघते, मग परत चालू. कॉम्प्रेसर चाललाय का कामातून? टेक्निशियन म्हणाला थंडीत होतंच असं. मला पटत नाहीये, शेजारच्या खोलीत आई झोपते, तिचीही झोपमोड होतेय.

पाना_पक्कड:
फुस्स आणि वाफेचं टेन्शन घेऊ नका, ते डिफ्रॉस्ट. बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळवायला मशीन काही मिनिटं उलटं चालतं, गॅसची दिशा बदलणारा फोर-वे व्हॉल्व्ह फिरतो त्याचा आवाज. घूं मात्र वेगळं प्रकरण आहे. बाहेर कमी आणि आत जास्त म्हणजे थरथर भिंतीतून आत येतेय. थंडी वाढली की इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे स्पीड बदलणारा) जास्त स्पीडने पळतो आणि एखाद्या ठरावीक स्पीडला ब्रॅकेट नाहीतर पाइप त्याच्यासोबत घुमायला लागतो, म्हणून आत्ताच सुरू झालं असणार. आवाज चालू असताना साइडच्या पत्र्यावर तळहात दाबून धरा, मग ब्रॅकेटवर, मग पाइपच्या इन्सुलेशनवरून (उघड्या तांब्याला नको, भाजेल). जिथे दाबल्यावर आवाज बसतो तिथेच दुखणं. पंख्याच्या जाळीपासून हात लांब ठेवा.

उत्तरा:
ब्रॅकेटखालचे रबर पण बघा, आमचे कडक होऊन चिरले होते, बदलले आणि शांत झालं. खडखड असती तर पंख्यात पान नाहीतर बर्फ म्हटलं असतं, आतल्या युनिटची शिट्टी असेल तर आधी फिल्टर धुवा. करकर किंवा लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर मात्र लगेच बंद करा, बेअरिंग किंवा कॉम्प्रेसर असू शकतो.

निवांत:
सापडलं बहुतेक! पत्रा, ब्रॅकेट दाबून काही फरक नाही, पण पाइप जिथे भिंतीतून आत जातो तिथे हात ठेवला की आवाज गायब, काढला की परत. तिथलं इन्सुलेशन पार दबलंय, पाइप थेट विटेला टेकलाय. ओढून सरळ करू का?

पाना_पक्कड:
ओढू नका!! पाइप चेपला किंवा जॉइंट हलला तर गॅस लीक होईल, मग खर्च वाढेल. मेन स्विच बंद करून फटीत फोमची पट्टी अलगद सरकवा, जाईल तेवढीच. आणि टेक्निशियनला परत बोलवून नेमकी हीच जागा हाताने दाबून दाखवा, नवीन इन्सुलेशन आणि रबरवाला क्लॅम्प लावायला सांगा. आज रात्री फोमने किती फरक पडतो ते कळवा नक्की.