मुक्कामी गाडीचा हिशेब वेगळा करायला हवा

एसटीच्या फेरीला भारमान नाही, म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत, तर ती बंद करा, वडाप (खासगी जीप) आहेच, असं काही जण म्हणतात. दुपारच्या फेरीबद्दल एक वेळ मान्य करेन. पण मुक्कामी गाडीला, म्हणजे रात्री गावातच थांबणाऱ्या एसटीला, हा न्याय लावला तर गाव तुटतं. रात्री गावात येणाऱ्या गाडीत पाच-सहा माणसं असतात, ते खरंच. पण तीच गाडी पहाटे तालुक्याला निघते तेव्हा दूधवाले, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या असं सगळं गाव तिच्यात असतं. रात्रीची फेरी कागदावर तोट्याची दिसली म्हणून काढली की सकाळची आपोआप जाते.

वडाप भरल्याशिवाय हलत नाही, आणि सवलत तिथे चालत नाही. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, बारावीपर्यंतच्या मुलींना पास फुकट. वाडीवरच्या मुलीला जीपला रोज पैसे मोजावे लागले तर आधी तिचीच शाळा सुटते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या दिल्या त्या याच कारणाने.

अजून एक, चालक-वाहकांच्या झोपण्याची सोय. आमच्याकडे ते गाडीतच सीटवर आडवे व्हायचे, पावसाळ्यात खिडक्यांतून पाणी आत. ग्रामपंचायतीने समाजमंदिराची खोली, पंखा आणि नळ करून दिला, तेव्हापासून मुक्कामाला यायला कुणी कुरकुरत नाही. तुमच्या गावात फेरी धोक्यात असेल तर अर्जासोबत खोलीचंही लिहून द्या, आणि दोन्ही फेऱ्यांचं उत्पन्न एकत्र धरायला सांगा.