मदत हवी आहे: मुलीच्या एअर रायफलचं प्रेशर टिकत नाही, शनिवारी मॅच आहे

सिंहगडरोडकर: नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा कोणीतरी. मुलीची दहा मीटरची रायफल आहे, प्रेशरचा प्रॉब्लेम झालाय. रात्री 200 बार भरून ठेवलं की सकाळी 185 च्या आसपास दिसतं आणि रेंजवर मध्येच एखादा शॉट वर जातो. ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी रिंगा) बदलून झाल्या, फरक शून्य. दुकानवाला पंधरा दिवस लागतील म्हणतो, मॅच शनिवारी आहे. काय करू?

दहा_पॉइंट_नऊ: कुठली रायफल, किती जुनी, हवा कशाने भरता, कुठल्या ओ-रिंग बदलल्या? मध्येच म्हणजे नक्की कधी? यातलं काहीच लिहिलं नाहीत, सांगणार कसं?

कोथरूडची_माई: पेलेटचा, म्हणजे छऱ्यांचा, लॉट बदला आधी. माझ्या मुलाला 4.49 मिलिमीटर डोक्याचे चालत नव्हते, 4.50 घेतले आणि शॉट एका जागी पडायला लागले. लोक उगाच बंदूक उघडत बसतात.

सिंहगडरोडकर: पेलेट तेच आहेत हो माई, वर्षभर. रायफल जर्मन आहे, सेकंड हँड घेतली, हवा हँडपंपाने घरीच भरतो.

निवृत्त_फिटर_भोसरी: 200 चं 185 होणं म्हणजे लीक असेलच असं नाही. पंप मारताना हवा तापते आणि सिलेंडर कोमट होतो. तो 45 डिग्रीला 200 दाखवत असेल तर खोलीच्या 27 ला आल्यावर तीच हवा 189 दाखवणार. भरल्यावर तासभर थांबा, परत 200 करा, सिलेंडर रायफलीवरून काढून वेगळा ठेवा आणि सकाळी लावून बघा. उतरला नाही तर सिलेंडर निर्दोष. व्हॉल्व्हपाशी साबणाचं पाणीही लावून बघा. पण प्रेशर असताना त्याचं नेक उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

पेठेतला_राजा: एवढा पंप कशाला मारता? कोविडच्या वेळी घेतलेले मेडिकल ऑक्सिजनचे सिलेंडर कितीतरी घरांत पडून आहेत, ॲडाप्टर लावून त्यातून भरा, पाच मिनिटांचं काम.

निवृत्त_फिटर_भोसरी: राजे, हे वाचून कोणी खरंच करेल, म्हणून स्पष्ट लिहितो. प्रेशरखालचा ऑक्सिजन आणि तेला-ग्रीसचा अंश एकत्र आले की पेट घेतो, ठिणगीचीही गरज लागत नाही. एअर रायफलीत ऑक्सिजन कधीच नाही. पोस्ट काढून टाका ही विनंती.

पेठेतला_राजा: पूर्वी एकाने केलेलं ऐकलं होतं. ठीक आहे, काढतो.

कायद्याचं_बोला: रायफलीचं लायसन्स आहे का पण? आधी ते सांगा.

दहा_पॉइंट_नऊ: लायसन्स लागत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर किंवा 20 ज्युलपेक्षा जास्त एनर्जी असेल तर लागतं. 0.53 ग्रॅमचा पेलेट सेकंदाला 172 मीटरने गेला तर जेमतेम 7.8 ज्युल होतात.

बालेवाडी_प्रेमी: आपला स्वप्निल कुसळे बालेवाडीतच सराव करून पॅरिसहून मेडल घेऊन आला, मुलीला सांगा बंदुकीपेक्षा मन महत्त्वाचं!

दहा_पॉइंट_नऊ: त्याचं 2024 चं ब्राँझ 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) आहे, तिथे .22 ची गोळी असते, हवेचा संबंध नाही. आणि मन कितीही शांत असलं तरी रेग्युलेटर, म्हणजे हवेचं प्रेशर ठरवणारा भाग, बिघडला की शॉट वर-खाली जाणारच.

मावळचा_शिकारी_पणतू: .22 असतं तर घरीच पावडर कमीजास्त करून बघता आलं असतं, बाहेरदेशी लोक करतात तसं.

निवृत्त_फिटर_भोसरी: नाही हो, .22 रिमफायर आहे, प्रायमर (पेट देणारा मसाला) काडतुसाच्या कडेतच असतो, ती रिलोड करण्यासारखी नसते. बाहेर लोक भरतात ती सेंटरफायर, प्रायमर मधोमध असलेली. आणि आपल्याकडे काडतूस घरी बनवायलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. असं इथे सुचवू नका, मुलं वाचतात.

सिंहगडरोडकर: काका, तुमच्या पद्धतीने केलं. रात्री 200, सकाळी 199. म्हणजे लीक नाही! पण शॉट वर जातोच. आता मुलीला नीट विचारलं तर म्हणते, थांबून परत सुरू केलं की पहिलाच वर जातो, मग सरळ. हे मी आधी लिहायला हवं होतं.

दहा_पॉइंट_नऊ: हेच हवं होतं! हे रेग्युलेटरचं क्रीप वाटतंय. सिलेंडरमधली हवा रेग्युलेटर कमी, ठराविक प्रेशरला आणतो आणि मग सीट, म्हणजे आतली झडप, बंद होते. सीटवर कचरा, गंज किंवा ओरखडा असला की ती पूर्ण बंद होत नाही, हवा हळूहळू झिरपत राहते, आणि जितका वेळ थांबाल तितकं पुढचं प्रेशर चढतं. सिलेंडरच्या गेजवर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून फसायला होतं. क्लबमध्ये क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) मिळतो का? पाच शॉट मारा, वीस मिनिटं थांबा, परत पाच, आणि प्रत्येक आकडा इथे टाका.

सिंहगडरोडकर: घ्या, मीटर दर सेकंदात, वीस मिनिटांनंतर: 181, 174, 172, 173, 172. परत थांबून: 180, 173, 172, 173, 172.

दहा_पॉइंट_नऊ: शंभर टक्के क्रीप. 172 आणि 180 मध्ये दहा मीटरवर पेलेट खाली येण्यातला फरक दीड मिलिमीटरच्या आसपास येतो. ऐकायला काहीच नाही, पण स्कोअरमधला 0.1 म्हणजे पाव मिलिमीटर, म्हणजे पाचसहा दशांश गेलेच.

कोथरूडची_माई: बरं, पेलेट नव्हते तर. मुलीला धीर द्या भाऊ.

निवृत्त_फिटर_भोसरी: पावसात हँडपंपाने भरता, पंपाला ड्रायर फिल्टर, हवेतला ओलावा धरणारा, आहे का? आणि ओ-रिंग लावताना काय लावलंत?

सिंहगडरोडकर: फिल्टर नाही. ओ-रिंगला बेअरिंगचं ग्रीस होतं घरात, तेच.

निवृत्त_फिटर_भोसरी: ते आजच पुसून काढायला सांगा. वेगाने हवा भरताना दाबाने तापते, खनिज तेलाचं ग्रीस तिथे पेटू शकतं. फक्त सिलिकॉन. रेग्युलेटर स्वतः खोलू नका, त्याला सेटिंग असतं, आर्मररलाच (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) द्या.

दहा_पॉइंट_नऊ: शनिवारपर्यंत आर्मरर मिळाला नाही तर ग्रीस साफ झाल्यावर हे करा. साठ शॉटला 75 मिनिटं असतात, साधारण मिनिटाला एक शॉट, त्या लयीत क्रीप फारसं जाणवणार नाही. सायटिंग (आधीचे, स्कोअर न धरले जाणारे शॉट) संपून मॅच सुरू होते त्या गॅपमध्ये प्रेशर चढतं, म्हणून शेवटचा सायटर अगदी शेवटच्या मिनिटाला मारायचा. मध्ये लांब थांबली तर पुढच्या शॉटला वर जाणार हे तिला माहीत असू दे. पेलेट न भरता हवा सोडून द्यायची युक्ती मॅचमध्ये नको.

सिंहगडरोडकर: मुलीला सगळं वाचून दाखवलं, म्हणाली मग चूक माझी नव्हती ना बाबा. दोन आठवडे पोर स्वतःलाच बोल लावत होती, आणि मीही तिला एकाग्रता ठेव म्हणून बोललो होतो. उद्या आर्मररकडे जातोय, मॅचनंतर सीट बदलून घेतो.

निवृत्त_फिटर_भोसरी: सिलेंडरवरची तारीख पण बघा, मेकरची मुदत संपलेला असला तर तपासणीत अडवतील. सेकंड हँड आहे म्हणून विचारतो.

सिंहगडरोडकर: आत्ताच टॉर्च लावून बघितली. 2028 पर्यंत आहे.

कात्रजचा_अभि: काका पंप कितीला पडला? मलाही घ्यायचाय.