पैसे फेडले, तरी सातबाऱ्यावर कोर्टाची जप्ती

कोथरूडकर: हवेली तालुक्यातल्या जमिनीवर दिवाणी कोर्टाच्या जप्तीचा बोजा आहे. धनकोला सगळी रक्कम मागच्या आठवड्यात एनईएफटीने दिली, त्याने पावतीही लिहून दिली. पण पावतीवर तलाठी बोजा काढत नाही. गिऱ्हाईक विसार द्यायला तयार आहे. पुढे काय करायचं?

दरखास्तवाला: तलाठ्याचं बरोबर आहे. जप्ती कोर्टाची, ती कोर्टच उठवणार. कोर्टाबाहेर दिलेले पैसे दरखास्तीत (धनकोने वसुलीसाठी कोर्टात केलेल्या अर्जात) नोंदले गेले नाहीत, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम २ प्रमाणे कोर्ट ते जमेस धरत नाही आणि लिलाव पुढे चालू शकतो! धनकोने शिवाजीनगर कोर्टात पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, देणं सगळ्यात सोपं. तीत दरखास्त क्रमांक, रक्कम, यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) आणि 'हुकूमनाम्याची (कोर्टाच्या डिक्रीची) पूर्ण फेड झाली' हे शब्द हवेतच. नुसतं 'रक्कम मिळाली' लिहिलं, तर व्याज आणि खर्चाचा वाद शिल्लक राहतो.

तो टाळाटाळ करू लागला तर तुम्ही अर्ज करा. ऋणकोला, म्हणजे तुम्हाला, पैसे दिल्यापासून ३० दिवसांचीच मुदत असते, त्यामुळे धनकोच्या शब्दावर विसंबून थांबू नका. बँकेचा उतारा आणि पावती जोडा. नियम ५५ खाली जप्ती उठवण्याची आणि तलाठ्याला पत्र पाठवण्याची मागणी त्याच अर्जात घाला. पत्राचं बहुतेक विसरलं जातं.

गट नंबर: जप्ती उठवल्याच्या हुकमाची नक्कल हातात पडली की गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा. एक आकडा चुकला तरी फेरफार मंडळ अधिकाऱ्याकडे अडकतो आणि दुरुस्तीसाठी परत कोर्टात जावं लागतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात विकास सोसायटीचा किंवा दुसऱ्या दरखास्तीचा बोजा असेल, तर तो या हुकमाने जात नाही. सिटी सर्व्हेतली मिळकत असल्यास हीच नक्कल नगर भूमापन कार्यालयात द्यायची.

दरखास्तवाला: विसाराबद्दल राहिलं. जप्ती असताना केलेली विक्री कलम ६४ प्रमाणे त्या हुकूमनाम्याच्या वसुलीपुरती रद्दबातल ठरते, म्हणून हुकूम होईपर्यंत विसार घेऊ नका.

ज्यांच्याकडे फेडायला पैसेच नाहीत आणि लिलाव निघालाय, त्यांनी आदेश २१ चाच नियम ८३ बघावा. जमीन खाजगीत विकून किंवा गहाण ठेवून रक्कम उभी राहील अशी कोर्टाची खात्री पटवली, तर लिलाव पुढे ढकलून तशी परवानगी मिळू शकते. पैसे मात्र कोर्टातच भरायचे.