अनुभव धागा: एआयची सवय लागतेय हे कशावरून कळलं?

गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीचे बाबा गेले. दादरला बदलापूर लोकल पकडली, कशीबशी चौथी सीट मिळाली आणि तिला मेसेज करायला फोन काढला. बोटं आपसूक चॅटजीपीटीवर गेली. सांत्वनाचा मजकूर आला, नेटका होता. पण काका दर गणपतीत बळेबळे तिसरा मोदक वाढायचे, ते त्यात कुठून येणार? घाटकोपर येईपर्यंत नुसती बघत बसले. मग सगळं पुसलं आणि 'काकांची फार आठवण येतेय गं, उद्या येते' एवढंच पाठवलं. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. एवढ्यातच पहिलं वाक्यसुद्धा माझं मला सुचेनासं झालं, याची भीती वाटली. तास मोजून हे कळत नाही, आपण काय करायचं सोडलं ते बघावं लागतं. तुमचं कसं लक्षात आलं? मोकळेपणाने लिहा.

मरोळहून:
मेट्रो ३ च्या भुयारात रेंज गेली. क्लायंटला कळवायचं होतं, फाईल उद्या मिळेल. दोन ओळी लिहून तरी ठेवता आल्या असत्या. नाही लिहिल्या. कफ परेडला वर येऊन एआयकडून लिहून घेतल्या. सोळा वर्षं नोकरी झालीय माझी.

दहिसरहून:
माझं जरा जास्त झालं होतं. नणंदेशी वाजलं होतं, रोज रात्री एक-एक वाजेपर्यंत एआयलाच सांगत बसायचे. ते दर वेळी माझी बाजू घ्यायचं, बरं वाटायचं. एकदा आईचा फोन आला आणि मी कट केला, कारण माझं टाईप करणं अर्ध्यावर होतं. आई म्हणाली असती, 'तूही काही कमी बोलली नसशील.' तेच मला ऐकायचं नव्हतं. पुढे वाचलं की एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने एक अपडेट मागे घेतला, मॉडेल वाजवीपेक्षा जास्त हो ला हो करत होतं म्हणून. आता आधी आईला फोन. झोप पार उडाली तेव्हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलले. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. संकोच करू नका.

लालबागहून:
मी शिकवण्या घेते. आठवीतला एक मुलगा अडलं की 'बाई, हे कसं?' विचारायचा. हल्ली विचारतच नाही. वही अगदी बिनचूक, फळ्यापाशी बोलावलं की खडू धरून उभा. सोमवारी त्याला सांगितलं, चुकलं तरी चालेल, तुझं तू सोडवून आण.

दादरच्या ताईंचा प्रश्न:
बाई, आणलं का त्याने?

लालबागहून:
आणलं. दोन गणितं, दोन्ही चुकलेली. एकात तिसऱ्या पायरीला वजाचं चिन्ह राहिलं होतं. ते त्यानेच शोधलं.