हिवाळ्यातले शनिवार-रविवार मुलांसाठी भरगच्च ठेवावेत की मोकळे?

धायरीकर बाबा

आम्हाला दोन मुलं. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. दिवाळीची सुट्टी संपली की रथसप्तमीपर्यंत आमचा एकही शनिवार-रविवार रिकामा नसतो. स्नेहसंमेलन, त्याच्या तालमी, ड्रेपरीवाल्याकडे मापं देणं, क्रीडादिन, वाढदिवस, लग्नं. यातलं बरंचसं न मागता येतं. पण मी त्यात स्वतःहून भर घालतो आणि त्याबद्दलच इथे बोलायचंय.

हल्ली पालकांच्या ग्रुपांवर एकच सल्ला फिरतो. मुलांना मोकळं सोडा, कंटाळू द्या, सुट्टीचा दिवस रिकामा ठेवा. पुण्याच्या हिवाळ्यापुरता तरी मला हा सल्ला पटत नाही.

लहान मुलांना घेऊन दिवसभर उघड्यावर राहता येईल असे महिने आपल्याकडे मोजकेच. मार्चमध्ये दुपारचं ऊन सोसवेनासं होतं, जूनपासून चिखल, ऑक्टोबरात पुन्हा उकाडा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मात्र सकाळी १०-१२ अंश, दुपारी २८-३०, आणि आभाळ निरभ्र. दाखवण्यासारखं बरंच काही याच दिवसांत असतं. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ पट्टकदंब हंस उतरतात, तेही हिमालय ओलांडून. जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. आणि रब्बीची ज्वारी हुरड्यात येते. हे "मे महिन्याच्या सुट्टीत बघू" म्हणून चालत नाही.

हुरड्याचंच सांगतो. बारामतीच्या बाजूला एका ओळखीच्यांचं शेत आहे. तिकडे हुरड्याचं तिकीट नाही, झोके नाहीत, उंटाची सवारीही नाही. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजतात, तळहातावर चोळतात, फुंकर मारून कोंडा उडवतात. मुलीने विचारलं, भाकरीची ज्वारी पांढरी आणि ही हिरवी का? शेतकऱ्याने शेजारच्या ओळीतलं पुढे गेलेलं कणीस तोडून दिलं. एक दाणा दाताखाली दुधाळ, दुसरा टणक. एकाच शेतात थोडं आधी पेरलेलं आणि थोडं मागून पेरलेलं. तिला उत्तर जिभेवर मिळालं. धाकटा तोपर्यंत बांधावर ढेकळं फोडत बसला होता, त्याचं त्याला पुरेसं होतं. गूळभेंडीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ असं सगळं मुलांनी खाल्लं. घरी ज्वारीची भाकरी समोर आली की तोंड फिरवतात तीच ही मुलं.

दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. सोमवार ते शुक्रवार मी मुलांना जागी असताना जेमतेम तासभर भेटतो आणि तो तास "दात घास, वही भर, झोप आता" यात संपतो. बापाशी मुलं बोलतात ती गाडीत मागच्या सीटवर, नावेची वाट बघताना, रांगेत. समोरासमोर बसवून "आज काय झालं सांग" म्हटलं तर एक अक्षर बोलत नाहीत. मला त्यांच्या शेजारी असण्याचा लांब वेळ हवा आहे, आणि घराबाहेर पडल्याशिवाय तो मिळत नाही. घरात राहिलो की मी फोनकडे, मुलं टीव्हीकडे.

म्हणून माझं म्हणणं असं, की मूल लहान आहे तोवर हिवाळ्यातले सुट्टीचे दिवस भरून टाकावेत. विरोधी मतं जरूर मांडा.

मेधा_क

मांडते. तुमच्या लिखाणात निघणं आहे, निघायची तयारी नाही. सकाळच्या थंडीचं स्वेटर-कानटोपी, दुपारच्या उन्हाचे सुती कपडे, गाडी लागणाऱ्या मुलासाठी पिशव्या, सर्दीचं औषध, जास्तीची चड्डी, दूध हे सगळं शनिवारी रात्री कोण गोळा करतं? परतल्यावर मातीचे कपडे कोण भिजवतं? आणि सोमवारचा डबा, गणवेशाची इस्त्री, तालमीचे पांढरे बूट? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं. बाबांचा रविवार भरला की आईचा रविवार संपतो.

मुलांचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप सांगितली आहे, तीही ठरलेल्या वेळी झोपून-उठून. भिगवणला जाणारे पहाटे चारला निघतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवायला सांगितले, ते मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून. मग सुट्टीच्या दिवशी आपणच त्यांना अंधारात उठवून गाडीत घालायचं?

माझी मुलगी पहिलीत आहे. सलग दोन दिवस बाहेर काढल्यावर सोमवारी ती शाळेच्या दारात रडते. शाळा नकोशी असते म्हणून नव्हे, दमलेली असते म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ आहे, त्यात खेळाच्याही आधी विश्रांतीचा हक्क लिहिलाय. भारताने १९९२ मध्ये हा करार स्वीकारला. विश्रांती हा मुलांचा हक्क आहे, उरलेल्या वेळात द्यायची गोष्ट नव्हे.

धायरीकर बाबा

@मेधा_क, तयारीचा मुद्दा शंभर टक्के रास्त. माझ्यापुरता नियम असा, की ज्याने बेत आखला त्यानेच बॅग भरायची आणि परतल्यावर कपडेही त्यानेच भिजवायचे. इथले बाबालोक हे पाळत नसतील तर त्यांनी माझ्या बाजूने मत देऊ नये.

झोपेबद्दल: पहाटे चारला निघतात ते कॅमेरेवाले. त्यांना कोवळा उजेड हवा असतो. आम्ही मुलं आपोआप उठली की निघतो. पक्षी दहा वाजताही पाण्यावरच असतात.

आणि त्याच २०१९ च्या सूचनांत आणखी एक आकडा आहे. ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आठवड्याचे पाच दिवस हे कसं जमवायचं? खाली पार्किंग आहे, अंगण नाही.

निखाऱ्यापाशी

मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. एकच मुद्दा मांडते, कारण तो कुणी बोलत नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे गाड्यांचा आणि कचरा जाळल्याचा धूर वर न जाता खालीच कोंडून राहतो. शहरातल्या टेकडीवरून "छान धुकं" दिसतं त्यात तोही असतो. दम्याच्या मुलांना सकाळी सातला पळायला नेऊ नका. ऊन तापल्यावर, नऊ-दहानंतर न्या. बाहेर नेण्याला माझा विरोध नाही, वेळेला आहे. वाहत्या सर्दीचं मूल वाढदिवसाच्या बंद हॉलमध्ये नेणाऱ्यांना मात्र माझा ठाम विरोध आहे. त्या हॉलमधून पाच मुलं पुढच्या आठवड्यात आमच्याकडे येतात.

बालवाडीताई

मी आयुष्यभर बालवाडी चालवली, आता नातवंडं सांभाळते. धागाकर्त्यांची कळकळ पोचली, पण दिशा पटली नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. आमच्या पिढीने त्यातून एवढं घेतलं, की मूल जिथे आहे तिथेच शिकणं असतं. त्याला उचलून प्रेक्षणीय स्थळी नेऊन ठेवायची गरज नाही. चार वर्षांच्या मुलाला पट्टकदंब हंस आणि तळ्यातलं बदक सारखंच. तो हिमालय ओलांडून आला, ही गोष्ट त्याच्या बापाच्या कौतुकाची आहे.

हिवाळा घरातही येतोच की. मंडईत मटार, पावटा, ओला हरभरा, गाजरं, बोरं यांचे ढीग लागतात. रविवारी सकाळी बापाने वर्तमानपत्र पसरून किलोभर मटार घेऊन बसावं. चार वर्षांच्या मुलाची बोटं शेंग उकलायला शिकतात, सात वर्षांची मुलगी दाणे मोजते, एखाद्या शेंगेत अळी निघते आणि तिच्यावर अर्धा तास जातो. तुम्हाला हवा असलेला शेजारी असण्याचा वेळ इथेही आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला की झालं.

बोरन्हाण घरातल्या घरात होतं आणि मुलांना वर्षभर लक्षात राहतं. बोरं, चुरमुरे, उसाची करवं, हलवा डोक्यावरून ओतला की आजूबाजूची पोरं तुटून पडतात. त्याला पेट्रोल लागत नाही.

धायरीकर बाबा

ताई, मटाराचं आजपासून सुरू. पण "आजूबाजूची पोरं" हीच तर अडचण आहे. तुमच्या काळात दार उघडं टाकलं की मूल मोकळं होत होतं, कारण बाहेर गल्ली होती आणि गल्लीत दहा मुलं होती. पुण्यात २०१८ मध्येच नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली. ती गल्ली गाड्यांनी घेतली. आमच्या सोसायटीत क्रिकेटला बंदीची पाटी आहे, काचा फुटतात म्हणून. अशा शहरात "मोकळं सोडा" याचा खरा अर्थ "खोलीत ठेवा" असाच होतो. मोकळा वेळ फुलायला मोकळी जागा लागते, आणि ती मला गाडी काढून शोधावी लागते. सल्ला देणाऱ्यांनी आधी ती गल्ली परत मिळवून द्यावी, मग मी रविवार रिकामा ठेवीन.

चाकणचा रात्रपाळीवाला

सगळे शनिवार-रविवारबद्दल बोलताय. आमच्याकडे बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी पोरं शाळेत, रविवारी मी कामावर. म्हणजे या चर्चेतली निम्मी निवड आमच्यासारख्यांच्या हातात नाहीच.

मग आम्ही काय करतो ते सांगतो. पहिली पाळी असली की संध्याकाळी मी घरी असतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, सातपर्यंत चांगला अंधार पडतो. पोरांच्या झोपायच्या आधी तास-दीड तास तारे बघायला मिळतात. उन्हाळ्यात तेवढा अंधार पडेपर्यंत पोरं झोपेला आलेली असतात, पावसाळ्यात ढग. जानेवारीत गच्चीवर चटई टाकली की पूर्वेला मृग, त्याच्या पोटातले तीन तारे एका रेषेत. ती रेषा खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी, आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. गावाच्या कडेला राहतो म्हणून एवढं दिसतं. धाकटी कृत्तिका मोजते आणि दर वेळी वेगळा आकडा सांगते.

धागाकर्त्यांच्या बाजूने मत. हिवाळा वाया घालवू नये. पण त्याला गाडी आणि सुट्टीचा रविवार लागतोच, हे मान्य नाही.

मिनेसोटाहून

इथे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि उणे १५ म्हणजे रोजचं हवामान. दोन मुलांना थर्मल, स्वेटर, बर्फाची पँट, बूट, मोजे, हातमोजे चढवून होईपर्यंत एकाला शू लागते. तरीही आम्ही बाहेर पडतो, कारण कोंडलेली मुलं दुपारपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठतात. तेव्हा बाहेर काढा, इथवर सहमत.

पण दर आठवड्याला नवं ठिकाण, याला माझा विरोध आहे. आमच्या घराजवळ एक उतार आहे. बर्फ पडला की दर शनिवारी तिथेच घसरगाडी. सुरुवातीला मीही यादी करून वेगवेगळी ठिकाणं दाखवत होतो. मुलांना तोच उतार हवा असतो. एका हिवाळ्यात थोरला पायाशी बसून घसरला, पुढच्या हिवाळ्यात उभा राहून, आता धाकट्याला पुढ्यात घेऊन. जागा तीच असल्यामुळे आपण वाढलो हे त्यालाच दिसतं. रविवारी मराठी शाळा असते, तेवढी सोडली तर दुसरा काही बेत नाही. धागाकर्त्यांनी एक टेकडी निवडावी आणि हिवाळाभर तिथेच जावं.

धायरीकर बाबा

@मिनेसोटाहून, आतापर्यंतचा सगळ्यात वजनदार विरोध तुमचा. त्याच शेतावर पुन्हा जायचं, हे पटतंय. हुरड्यानंतर तीच ज्वारी काढणीला आलेली मुलांनी बघितलेली नाही, कडबा बघितलेला नाही. फेब्रुवारीत तिथेच जाऊ. पण टेकडी एकच ठेवली तरी रविवार भरलेलाच राहील, एवढं नोंदवतो.

@चाकणचा रात्रपाळीवाला, व्याधाची ओळख आज रात्रीच करून देतो.

मेधा_क

तुमचा सगळा युक्तिवाद बापाला मुलांसोबत वेळ मिळत नाही, इथून सुरू होतो. मग प्रश्न पाच दिवसांचा आहे. तो रविवारवर का लादायचा? आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी साडेसहाला घरी पोचता येईल का, हे कचेरीत विचारा. बायका विचारतात, त्यासाठी बढत्या सोडतात. तुम्ही विचारलंत आणि नकार आला, तर पुढचं मी ऐकून घेईन. तोवर माझ्या घरात एक रविवार बाहेरचा आणि एक घरातला, आणि घरातल्या रविवारी मुलांना बाबांनी सांभाळायचं, हाच नियम राहील.

धायरीकर बाबा

@मेधा_क, विचारतो. मंगळवार आणि गुरुवार मागणार आहे. काय उत्तर येतं ते इथेच लिहीन. रविवारबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.