अँटिबायोटिक आवरायची की गटारं बांधायची?

रानवारा
चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या मेडिकलवर कडक कारवाई व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘माझं पोट, माझी गोळी’ हे इथे चालत नाही. औषधांना दाद न देण्याचा गुण शिगेला आणि ई. कोलाय हे दोन वेगळे जंतू एकमेकांना देतात, हे जपानमध्ये १९५९ सालीच दिसलं होतं. तो गुण प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतो. दोन जंतू जोडले गेले की कड्याची प्रत पलीकडे जाते. सर्दी विषाणूची. तिच्यावर सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक घेतलं तर सर्दीला काही होत नाही, आतड्यातले साधे जंतू मात्र मरतात आणि दाद न देणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. सेफिक्झिम २०१४ पासून औषध नियमांतल्या शेड्यूल एच-१ या यादीत आहे, म्हणजे विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून तीन वर्षं ठेवायची. ती वही तपासतं कोण?

नळजोड
वही तपासा, जरूर. पण सगळा दोष गोळी घेणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. नेदरलँड्समधल्या सुमारे दोन हजार प्रवाशांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक सेफालोस्पोरिनला, म्हणजे सेफिक्झिमच्याच गटातल्या औषधांना, दाद न देणारे जंतू आतड्यात घेऊन परतले. प्रवासात अँटिबायोटिक घेतलेल्यांना धोका जास्त होता, पण न घेतलेलेही सुटले नाहीत. दिल्लीचं तर सर्वांना माहीत आहे: कार्बापेनेमसारखी राखीव औषधं निकामी करणारा एनडीएम-१ जनुक सार्वजनिक नळांच्या ५० पैकी दोन नमुन्यांत आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत सापडला. २०११ सालची गोष्ट. जन्मात गोळी न घेतलेला माणूसही तेच पाणी पितो ना?

आडगावची डॉक्टर
दोघंही शहरातून बोलताय. चिठ्ठी लिहायला डॉक्टरच नाही तिथे काय करायचं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, त्यांनी घरी जाऊन जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळांना जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या त्या संपूर्ण प्रयोगात नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ते छापून आलं. सरसकट कडक नियम लावलात तर अशीच बाळं आधी जातील.

रानवारा
डॉक्टर, त्या बायका लक्षणं बघून, शिकल्याप्रमाणे मोजून औषध देत होत्या. माझा विरोध सर्दीला तीन गोळ्या कापून देणाऱ्याला आहे. तुमच्या गावासाठी वेगळी तरतूद हवीच, हे मान्य. नळजोड, वापर आवरल्याने फरक पडतो. डुकरांना वाढीसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक चारणं चीनने २०१७ मध्ये बंद केलं. त्या औषधाला निष्प्रभ करणारा एमसीआर-१ जनुक पुढच्या काही वर्षांत डुकरांतही कमी झाला आणि निरोगी माणसांच्या आतड्यांतही. आपण कोंबड्यांसाठीचं कोलिस्टिन २०१९ मध्ये बंद केलं, ते उगीच नाही.

नळजोड
कमी झाला, गेला नाही. उरलेला मैल्यातूनही पसरतो. चीनचं उदाहरण मी मानतो, म्हणून मेडिकलच्या वहीला माझा विरोध नाही. पण हॉस्पिटलचं सांडपाणी प्रक्रिया न होता ओढ्यात सुटतं, ते सोडणाऱ्यावर मेडिकलवाल्याच्या आधी कारवाई करा. तसं होणार असेल तर तुमच्या मागणीखाली माझीही सही घ्या.