मदत हवी आहे : डाळ मिल आणि बीजप्रक्रियेसाठी गावातच कुशल मुले-मुली कशी तयार करावीत?

नमस्कार मंडळी,

वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात आमची लहानशी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. खरिपात सोयाबीनचे बीजोत्पादन आणि प्रतवारी, तुरीचा माल आला की डाळ मिल, असा आमचा वर्षाचा क्रम असतो. शेड आहे, यंत्रे आहेत, मालही बऱ्यापैकी येतो. अडते ते यंत्र समजून चालवणाऱ्या माणसापाशी. सध्या हे काम ज्या दोघांच्या भरवशावर चालते त्यांनी पन्नाशी ओलांडली आहे आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी नाही. हंगामभर काम करत शिकता येईल, शिकताना विद्यावेतन मिळेल आणि शेवटी बाहेरही चालेल असे प्रमाणपत्र हाती पडेल, अशी सोय गावपातळीवर कशी बसवावी, याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष असे काही केले आहे त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

नेमके कोणते कौशल्य, ते सविस्तर सांगतो, कारण ‘कौशल्य विकास’ म्हटले की शिवणकाम आणि संगणक यापलीकडे आपल्याकडे कोणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. बियाण्याच्या सोयाबीनचे साल फार नाजूक असते. मळणी करताना ड्रमचा वेग मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावा लागतो. पण गावोगाव फिरणारा मळणीवाला पोत्यामागे पैसे घेत असल्यामुळे वेग कमी करायला राजी नसतो. मार लागलेला दाणा वरून धडधाकट दिसतो, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवल्यावर त्याचे खरे रूप कळते. उगवण ७० टक्क्यांच्या खाली गेली की तो लॉट बियाणे म्हणून विकता येत नाही आणि वर्षभराची मेहनत अडतीच्या भावाने जाते. डाळ मिलचेही तसेच आहे. तूर रोलरवर ओरखडून, तेल लावून, मुरवून वाळवायची असते. वाळवण कच्चे राहिले तर टरफल सुटत नाही. मग नवखा ऑपरेटर दाब वाढवतो आणि डाळीऐवजी चुरी पडते. आमचे जुने मिस्त्री दाणा दाताखाली फोडून पाहतात आणि मगच मिल सुरू करतात. त्यांच्या हातून शंभर किलो तुरीमागे ७० किलोच्या वर डाळ निघते. नवख्याच्या हातून चार-पाच किलो कमी निघाली की आमचा नफा तिथेच संपतो.

आजवर मिळालेली प्रशिक्षणे बहुतेक तीन दिवसांची होती, आणि निधी खर्ची टाकायचा म्हणून मार्चमध्ये उरकलेली होती. सोयाबीनच्या मळणीचे प्रशिक्षण मार्चमध्ये देऊन काय साधते, हे देणाऱ्यांनाच ठाऊक. प्रोजेक्टर, चहा-नाश्ता, सामूहिक फोटो आणि प्रमाणपत्र, एवढ्यावर ते आटोपते.

मुलांचा विचार केला तर कृषी पदवीधर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात असतात, दोन वर्षांची कृषी तंत्र पदविका घेतलेले कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभे असतात आणि दहावी-बारावीची मुले चाकणला जातात. त्यांना मी दोष देत नाही. तिकडे बारा महिने पगार आहे, आमच्याकडे चार महिन्यांचे काम.

आणखी एक बाब. निवडणीला येणाऱ्या बाया किडका, फुटका आणि दुसऱ्या वाणाचा दाणा नजरेने वेगळा काढतात. जांभळ्या फुलांच्या जेएस-३३५ या सोयाबीन वाणाच्या प्लॉटातून पांढऱ्या फुलाचे झाड उपटणाऱ्याही त्याच असतात. तरीही हजेरीपत्रकावर त्या ‘अकुशल मजूर’ आहेत आणि त्यांची रोजीही तशीच आहे.

राज्य शासनाची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पाहिली. तिला किमान बारावी उत्तीर्णची अट आहे आणि आमची निम्मी मुले तिथेच गळतात. शिकाऊ उमेदवारीच्या (अप्रेंटिसशिपच्या) मार्गाबद्दल ऐकले आहे, पण आमच्याएवढ्या लहान कंपनीला तो लागू होतो का? जुन्या मिस्त्रींना प्रशिक्षक म्हणून मान्यता मिळवून देता येते का? शिकलेले पोर दुसऱ्या वर्षीही टिकावे यासाठी आपण काय केले?

प्रतिसाद

दादा, शिकाऊ उमेदवारी तुम्हाला लागू होते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्याखालच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर ४ ते २९ कामगार असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. ‘ऐच्छिक व्यवसाय’ या प्रकारात अभ्यासक्रम आस्थापनेला स्वतः आखता येतो, म्हणजे मळणीचा वेग, उगवण चाचणी आणि रोलर हे सगळे तुम्हीच त्यात घालू शकता. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला कमाल १५०० रुपये, एवढा वाटा केंद्राकडून येतो. बाकीचा भार कंपनीवर पडेल, तो आधी संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्या. उमेदवाराला कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारीही मालकाचीच असते, म्हणून पहिल्या दिवसाआधी यंत्रांच्या पट्ट्यांना जाळ्या बसवा.

प्रतिसाद

मी अकोल्याकडची आहे. आमच्या बचत गटाकडे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल आहे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न चार महिन्यांच्या कामाचा आहे, प्रमाणपत्राचा नंतर. ऑक्टोबरमध्ये मळणी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रतवारी, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत डाळ, मे महिन्यात घरोघरी उगवण चाचणी आणि बीजप्रक्रिया, जूनमध्ये बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने भाड्याची पेरणी, अशी साखळी लावली तर एकाच मुलाला नऊ महिने काम देता येते. निवडणीच्या बायांपैकी दोघींना उगवण चाचणी आणि आर्द्रतामापकाचे काम द्या आणि त्याची रोजी वेगळी ठरवा. रोजीत फरक दिसल्याशिवाय कोणीही शिकायला उभे राहत नाही, हा आमचा अनुभव आहे. प्रात्यक्षिकासाठी करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राला सप्टेंबरमध्येच पत्र द्या.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. नऊ महिन्यांची साखळी आमच्या बैठकीत मांडतो. जुलै ते सप्टेंबर हा काळ मात्र मोकळाच राहतो. शेजारच्या दोन उत्पादक कंपन्यांनी मिळून उमेदवार घेतले, तर एकच मुलगा करारानुसार तिन्ही ठिकाणी आळीपाळीने काम शिकू शकतो का, की करार एकाच आस्थापनेशी असावा लागतो? कोणी असा करार केला असल्यास त्याचा मसुदा कसा होता, तेही कृपया सांगावे.